इशारा देणारा कुठे उभा होता?

गेल्या महिन्यात बेळगावातल्या आमच्या वाचक मंडळात जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीवर चर्चा झाली. आवाज चढले, याचं मला काही वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की तीन तट पडले आणि तिघांनीही खऱ्या प्रश्नाला बगल दिली. पहिला तट प्राध्यापकांचा: लेखकाचं चरित्र बाजूला ठेवा, पुस्तकात काय लिहिलंय तेवढं वाचा. दुसरा तरुणांचा: ब्रह्मदेशात पाच वर्षं गोऱ्या सरकारची पोलिसगिरी केलेला आणि मरायच्या आदल्या वर्षी सरकारला नावांची यादी देऊन गेलेला हा माणूस, त्याचा इशारा आम्ही का ऐकायचा? तिसरा तट सगळ्यांत मोठा होता. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेले एक ज्येष्ठ सदस्य पुस्तक उंच धरून म्हणाले, "हे आमचंच लिहून ठेवलंय की हो त्यानं!" टाळ्या पडल्या. बेळगावचं बेळगावी झालं, पाट्या बदलल्या, जमिनीचे उतारे कन्नडमध्ये मिळू लागले. मग 'बिग ब्रदर', म्हणजे कादंबरीतला सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा, कोण हे वेगळं सांगायला कशाला हवं?

मला हे तिन्ही तट चुकीचे वाटतात, आणि तिघांची चूक मुळात एकच आहे. भीषण भविष्याची, म्हणजे डिस्टोपियाची कादंबरी ही भविष्यवाणी नसते, साक्ष असते. साक्षीदार कुठे उभा होता हे विचारल्याशिवाय साक्षीचं वजन कळत नाही. ऑर्वेल छळ सोसणाऱ्यांत उभा होता हे खरंच. पण त्याआधी आणि त्यानंतरही तो छळणाऱ्या यंत्राच्या आत पगारावर होता. त्याच्या कादंबरीचा इशारा इतका अचूक उतरला तो या दुसऱ्या कारणानं. पुस्तक हातात घेऊन समोरच्याकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे आम्हा सीमाभागातल्या मराठी वाचकांनाही, हे कारण अडचणीचं आहे. म्हणूनच ते नीट मांडायला हवं.

आधी प्राध्यापकांचं म्हणणं घेऊ, कारण त्यात दम आहे. चरित्रावरून पुस्तक वाचण्याचा रोग आपल्याकडे जुना आहे. इंदिरा संतांची कविता याच बेळगावात लिहिली गेली. १९४६ साली त्यांचे पती ना. मा. संत गेले, आणि तेव्हापासून इंदिराबाईंच्या प्रत्येक ओळीत लोक वैधव्यच शोधत बसले. पाऊस, गवत, संध्याकाळ, सगळं त्या एका दुःखाच्या खुंटीला टांगलं. त्यात त्या कवितेचं केवढं नुकसान झालं! बेळगावात शिकलेले आणि धारवाडला इंग्रजी शिकवत राहिलेले जी. ए. कुलकर्णी यांनी आपल्या खाजगी आयुष्याचं दार आयुष्यभर बंद ठेवलं, आणि त्यांच्या कथांचं त्यामुळे काही अडलं नाही. याहून मोठा पुरावा पोलंडचा आहे. चेस्वाव मिवोश या कवीनं १९५३ साली लिहून ठेवलंय की पूर्व युरोपात चोरून '१९८४' वाचणाऱ्यांना आश्चर्य वाटायचं: रशियात कधीही न राहिलेल्या माणसाला तिथलं जगणं इतकं बारकाईनं कसं कळलं? त्या वाचकांना ऑर्वेलचं चरित्र ठाऊक नव्हतं, तरी पुस्तक त्यांना भिडलं. मग चरित्र हवंच कशाला?

पुस्तक भिडायला चरित्र लागत नाही, हे मला मान्य आहे. पण मिवोशच्या वाचकांनी विचारलेला प्रश्न पुन्हा वाचा. 'याला कसं कळलं?' हा प्रश्न चरित्राचाच आहे, आणि त्याचं उत्तर पुस्तकाच्या पानांत मिळत नाही. हे नोंदवून ठेवणारा मिवोश तरी कोण होता? १९५१ पर्यंत तो त्याच पोलिश साम्यवादी सरकारचा परदेशातला राजनैतिक अधिकारी होता. आतल्याची खूण आतल्याला पटली होती.

ऑर्वेल, म्हणजे एरिक ब्लेअर, १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीला जन्मला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. एकोणीस वर्षांचा असताना, १९२२ साली, तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून रुजू झाला आणि प्रशिक्षणासाठी मंडालेला गेला. मंडाले म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: १९०८ ते १९१४ तिथल्या तुरुंगात बसून गीतेवर ग्रंथ लिहिणारे टिळक. त्याच शहरात, टिळक सुटून आल्यावर आठच वर्षांनी, हा मुलगा लोकांना पकडायचं, कोंडायचं शिकत होता. सुटकेनंतर १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती बेळगावात. आम्ही त्या धाग्याचं टिळकांकडचं टोक पकडून वाढलो. त्याचं दुसरं टोकही मंडालेत होतं, हे आमच्या कधी ध्यानात आलं नाही.

त्या पाच वर्षांत ब्लेअरनं काय केलं हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. फाशीच्या तख्ताकडे चाललेल्या कैद्यानं वाटेतलं डबकं चुकवण्यासाठी पाऊल बाजूला टाकलं, आणि त्या एका पावलानं आपल्याला जिवंत माणूस मारणं म्हणजे काय ते कळलं, असा त्याचा लेख आहे. आपण नोकरांना, हमालांना ठोसे मारले, हेही त्यानं लपवलं नाही. हत्तीला गोळी घालण्याच्या त्याच्या प्रसिद्ध लेखात तर तो कबूल करतो की मारायची गरज नव्हती. मागे जमलेल्या गर्दीपुढे हसं होऊ नये म्हणून त्यानं चाप ओढला. सत्ता राबवणाराही त्या सत्तेचा कैदी होतो, हे '१९८४'च्या गाभ्यातलं ज्ञान मॉस्कोतलं नाही. ते ब्रह्मदेशातल्या एका सब-डिव्हिजनमधलं आहे.

पुढे स्पेन. १९३७ च्या मे महिन्यात फॅसिस्टांची गोळी त्याच्या मानेतून आरपार गेली. महिनाभरात तो ज्या छोट्या डाव्या पक्षाच्या तुकडीतून लढत होता, तो पक्षच आपल्याच बाजूच्या सरकारनं 'फॅसिस्टांचा हस्तक' ठरवून बेकायदा केला. ऑर्वेल बायकोबरोबर लपतछपत फ्रान्सला निसटला. घडलेल्या लढाया वर्तमानपत्रात नाहीत आणि न घडलेल्या लढायांची रसभरीत वर्णनं छापून आलेली, हे त्यानं तिथे पाहिलं. इथे तो बळी होता, यात शंका नाही. तिसऱ्या तटाला आवडतो तो हा ऑर्वेल.

पण त्यानंतरचं पान ते वाचत नाहीत. १९४१ ते १९४३ हा माणूस बीबीसीच्या पूर्वेकडच्या सेवेत होता. त्याचं काम काय? हिंदुस्थानातल्या सुशिक्षितांसाठी कार्यक्रम करायचे आणि युद्धाच्या बातम्यांवर दर आठवड्याला भाष्य लिहायचं. म्हणजे ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कोंडलेलं असताना, साम्राज्याचा मनापासून तिरस्कार करणारा ऑर्वेल लंडनहून त्याच साम्राज्याच्या बाजूनं आपल्याशी बोलत होता. त्याची प्रत्येक संहिता सेन्सॉरच्या हाताखालून जायची. त्याची बायको आयलीन युद्धाच्या सुरुवातीला खुद्द सेन्सॉर खात्यात कामाला होती. प्रचार खरं सांगत असला तरी खोटाच असतो, असं त्यानं त्या काळात रोजनिशीत लिहिलं आणि सकाळी पुन्हा कामावर गेला. कादंबरीतल्या सत्य मंत्रालयाचं, म्हणजे खोटं रचणाऱ्या सरकारी खात्याचं, उपाहारगृह बीबीसीच्या उपाहारगृहावर बेतलंय आणि कैद्याला उंदरांसारख्या त्याच्या सगळ्यांत मोठ्या भीतीसमोर उभं करणारी एकशे एक नंबरची खोली तिथल्या बैठकांच्या खोलीवरून आली, असं त्याचे चरित्रकार सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कादंबरीतली एक साधी नोंद. जुन्या वर्तमानपत्रातला मजकूर बदलून इतिहास दुरुस्त करणं ही नायक विन्स्टन स्मिथची नोकरी. आणि आयुष्यातला सगळ्यांत मोठा आनंद त्याला त्या कामातच मिळतो. छळ, हेरगिरी, उंदीर हे सगळं कल्पनेनं रचता येतं. खोटं सफाईनं लिहिताना मिळणारा कारागिराचा आनंद मात्र तसं काम केल्याशिवाय कागदावर उतरत नाही.

चरित्राचा गैरवापरही होतो, तोही सांगायला हवा. ऑर्वेल क्षयानं मरत होता म्हणून कादंबरी इतकी काळी झाली, असं म्हणून काही जण इशाऱ्याची धार बोथट करतात. १९४७-४८ मध्ये तो सात महिने इस्पितळात होता, आणि छळानंतर विन्स्टनच्या देहाचा जो सांगाडा उरतो त्यात लेखकाचं स्वतःचं शरीर दिसतं, हे मी नाकारत नाही. पण या कादंबरीचा आराखडा त्याच्या वहीत युद्ध चालू असतानाच, १९४४ च्या सुमाराला, उतरलेला होता. आजारानं रंग गडद केला असेल, चित्र आजारानं काढलेलं नाही. चरित्र वाचायचं म्हणजे लेखकाच्या खोकल्याचा हिशोब ठेवायचा असं नव्हे. तो कुणाच्या पगारावर होता आणि काय पाहून गप्प बसला, हे विचारायचं.

इथेच तरुणांचा तट उसळून उठतो. बरोबर, ते म्हणतात, म्हणजे तो गुन्हेगारच होता! आणि ती यादी? यादी खरी आहे. मे १९४९ मध्ये, आरोग्यधामात अंथरुणाला खिळलेला असताना, ऑर्वेलनं ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागात काम करणाऱ्या एका मैत्रिणीला ३८ नावं कळवली: साम्यवादाकडे झुकलेली माणसं, यांच्याकडून साम्यवादविरोधी प्रचाराचं लेखन करून घेऊ नका, म्हणून. कादंबरी प्रसिद्ध झाली ८ जून १९४९ ला. म्हणजे शेजारीपाजारी, मित्र, पोटची पोरं एकमेकांची नावं कळवतात अशा जगाची कादंबरी छापखान्यातून बाहेर पडत होती, तेव्हा तिचा लेखक नावं कळवत होता. त्याचे चाहते म्हणतात, कुणाला अटक झाली नाही, ती फक्त सल्लावजा यादी होती. मला हा बचाव पुरेसा वाटत नाही. त्यानं ते करायला नको होतं.

पण म्हणून इशारा रद्द होतो का? वाल्याचा वाल्मीकी झाला म्हणून आपण रामायण फेकून देत नाही, असं कुणीतरी त्या दिवशी म्हणालंही. ती उपमा इथे लागू पडत नाही. वाल्यानं वाट सोडली होती. ऑर्वेलनं शेवटपर्यंत ती पुरती सोडली नाही, आणि माझ्या मते इशाऱ्याला बळ येतं ते त्यामुळेच. ज्यानं हे यंत्र सगळ्यांत स्पष्ट पाहिलं, त्याच्या हातूनही त्याचा एक दांडा फिरला. मग ज्यांनी ते पाहिलंच नाही त्यांची काय कथा? धुतल्या तांदळासारख्या माणसाचा इशारा आपण आदरानं ऐकतो आणि विसरतो, कारण तो आपल्यातला वाटत नाही.

हे फक्त ऑर्वेलपुरतं आहे का? येवगेनी झाम्यातिन हा रशियन लेखक त्याच्याही आधीचा. माणसांना नावांऐवजी क्रमांक असलेल्या काचेच्या नगराची कादंबरी त्यानं १९२१ मध्ये पूर्ण केली. तो मुळात जहाजांचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला जाऊन रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घेणारा, आणि तरुणपणी स्वतः बोल्शेविक. झारनं त्याला तुरुंगात टाकलं आणि पुढे त्याच्याच जुन्या सहकाऱ्यांच्या राजवटीनंही टाकलं. मोजमाप आणि आखणीचं वेड त्यानं बाहेरून पाहिलं नव्हतं, ते त्याच्या बोटांत होतं. काही काळ ईटनच्या शाळेत ब्लेअरला शिकवणारा ऑल्डस हक्स्ली घ्या. त्याच्या १९३२ च्या कादंबरीत बाटल्यांतून माणसांची पैदास होते. आज आपण ती सुप्रजननशास्त्रावरचा हल्ला म्हणून वाचतो, पण त्या काळात हक्स्लीला स्वतःला त्या विचाराची ओढ होती. कॅनडाची लेखिका मार्गारेट ॲटवूड मात्र माझ्या म्हणण्याला अपवाद वाटते; ती कुठल्या सत्तेच्या नोकरीत नव्हती, आणि इतिहासात कुठे ना कुठे घडलेली नाही अशी एकही गोष्ट आपण कादंबरीत घातलेली नाही, असं ती सांगते. पण 'द हँडमेड्स टेल' या १९८५ च्या त्या कादंबरीची अर्पणपत्रिका बघा. एक नाव आहे मेरी वेबस्टरचं, चेटकीण म्हणून फासावर लटकवूनही जगलेल्या आणि लेखिका जिला आपली पूर्वज मानते त्या बाईचं. दुसरं आहे प्युरिटन, म्हणजे अमेरिकेत वसलेल्या कर्मठ ख्रिस्ती लोकांचा इतिहास शिकवणाऱ्या तिच्या प्राध्यापकाचं. तिनं तिचं दुःस्वप्न इराणात किंवा रशियात वसवलं नाही. आपल्याच वाडवडिलांच्या गावात वसवलं.

आता आमचा तट. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही बसलो होतो, म्हणून हे सगळ्यांत जड जातं.

आमची तक्रार खोटी नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला लाखो माणसांना न विचारता त्यांचं राज्य ठरलं. त्यासाठी गोळ्या झेललेली माणसं आमच्या गल्ल्यांतली होती, १९५६ मध्येही आणि १९८६ मध्येही. सीमावादाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या मुलांना आपल्या भाषेत सरकारी कागद मिळावा ही मागणी साधी आहे आणि ती मी सोडणार नाही. ऑर्वेलनं एप्रिल १९४६ मध्ये राजकारणाच्या भाषेवर लेख लिहिला. लाखो शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकावून रस्त्याला लावलं जातं आणि त्याला नाव दिलं जातं 'सीमांची दुरुस्ती', असं त्यात एक वाक्य आहे. ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे १९४६ मध्ये, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावातल्या साहित्य संमेलनानं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला होता. आमच्या वाट्याला हुसकावणं आलं नाही, आमची जमीन आमच्याकडेच राहिली. पण कोरड्या सरकारी शब्दाखाली माणसं कशी झाकली जातात ते आम्हाला शिकवावं लागत नाही.

एवढं सगळं खरं असूनही 'हे आमचंच लिहून ठेवलंय' या वाक्यात एक पळवाट आहे. त्यात आम्ही नेहमी विन्स्टन असतो, आणि तोही फक्त छळ सोसणारा. त्याची नोकरी आम्ही विसरतो. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदललं तेव्हा इतिहास पुसला म्हणून आम्ही ओरडलो. पण कन्नड बोलणारे आमचे शेजारी घरात आधीपासून 'बेळगावी'च म्हणत आले आहेत. त्यांच्या तोंडातलं नाव काल बनवलेलं आहे असं आम्ही म्हणतो, तेव्हा पुसण्याचं काम कोण करत असतं? दुकानांच्या पाट्यांवर कन्नड मोठं हवं या सक्तीचा आम्हाला राग येतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रानं पाट्यांवर देवनागरी मराठी इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नये असा कायदा केला, तेव्हा आमच्यापैकी किती जणांना जत किंवा अक्कलकोट तालुक्यातला कन्नड दुकानदार आठवला? अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे कन्नडशी नातं सांगणारे शब्द आमच्या तोंडात आहेत. कादंबरीतली राजवट शब्दकोश दरवर्षी बारीक करत जाते, शब्द कमी म्हणजे विचार कमी. 'शुद्ध' मराठीची यादी करायला बसणारे आमचे लोक त्याच कामाला बसलेले असतात, आणि त्यांना त्यात आनंद मिळतो.

हे मी दुसऱ्यांकडे बघून म्हणत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावच्या साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे होतं. एका निवृत्त गुरुजींनी गावच्या मराठी शाळेचा इतिहास लिहून दिला होता. त्यात एक परिच्छेद होता: शाळेची पहिली जागा गावातल्या एका लिंगायत शेतकऱ्यानं दिली, त्याच्या घरची भाषा कन्नड होती, आणि सुरुवातीची काही वर्षं दोन्ही भाषांची पोरं एकाच पडवीत बसायची. मी तो परिच्छेद तांबड्या पेननं काढला. गुरुजींना सांगितलं, जागा कमी पडली. जागा होती, त्याच पानावर खताच्या दुकानाची अर्ध्या पानाची जाहिरात होती. मला कुणी दम दिला नव्हता, समितीतल्या कुणी सुचवलंही नव्हतं. त्या वर्षी वातावरण तापलेलं होतं, आणि मूळ लेखात तो परिच्छेद 'खटकत' होता, एवढंच. काढल्यावर लेख सलग झाला, पान छान जुळलं, आणि मला समाधान वाटलं. पुढे विन्स्टनच्या आनंदाचं ते वाक्य वाचलं तेव्हा मला आठवलं ते हे पान.

गुरुजी आता नाहीत. ती स्मरणिका मात्र गावात घरोघरी आहे, आणि त्या शाळेच्या इतिहासावर कुणाला भाषण करायचं असेल तर तीच उघडली जाते. ज्या घरानं जागा दिली त्यांचा नातू तालुक्याच्या बाजारात भेटतो. तो माझ्याशी मराठीत बोलतो, मी त्याच्याशी मोडक्या कन्नडमध्ये. त्याच्या आजोबांचं नाव मी छापू दिलं नाही, हे त्याला माहीत नाही.

चर्चेच्या शेवटी मी उभा राहून हे सांगितलं. सभागृह गप्प झालं. मघाशी पुस्तक उंच धरलेले ज्येष्ठ म्हणाले, "तुम्ही ह्ये आज सांगायची गरज नव्हती." यादीवरून चिडलेला तरुण बाहेर जिन्यापाशी थांबला होता. त्यानं विचारलं, "सर, तो कागद आहे का अजून?" आहे. गुरुजींचं ठसठशीत अक्षर, मधोमध माझी तांबडी रेघ. यंदा त्या गावात पुन्हा संमेलन भरतंय. तो परिच्छेद जसाच्या तसा टाइप करून, तो कुणी आणि का काढला होता हे खाली दोन ओळींत लिहून, मी समितीकडे दिला आहे. त्यावर बैठक पुढच्या रविवारी आहे.